लाकडाचा मासा आणि भोवतीचं पाणी

स्कॉटलंडमध्ये टे नदीच्या ग्लेनडेल्विन या पट्ट्यात ७ ऑक्टोबर १९२२ च्या संध्याकाळी जॉर्जिना बॅलन्टाइन या तरुणीच्या गळाला एक सामन मासा लागला. होडीत सोबत वडील होते. दोन तास झुंज चालली आणि मासा होडीत आला तेव्हा अंधार पडला होता. त्याचं वजन भरलं ६४ पौंड, म्हणजे सुमारे २९ किलो. ब्रिटनमध्ये गळाने धरलेल्या सामनचा हा विक्रम शंभर वर्षं उलटून गेली तरी कुणी मोडलेला नाही. मासा पर्थच्या रुग्णालयाला भेट म्हणून दिला गेला आणि तिथल्या लोकांनी तो खाल्ला. पण त्याची प्रतिकृती तयार झाली होती, आणि ती पर्थमध्ये अजून पाहायला मिळते.

वाघाचं किंवा हरणाचं कातडं नीट कमावलं तर त्याचा रंग पिढ्यान् पिढ्या टिकतो, कारण तो केसांत असतो. माशाचं तसं नसतं. त्याचा रंग कातडीतल्या जिवंत पेशींत असतो. मासा घाबरला, रागावला, विणीच्या हंगामात आला की या पेशी आक्रसतात नाहीतर पसरतात आणि रंग बदलतो. मासा मेला की थोड्याच वेळात तो रंग उतरायला लागतो. बाजारात सकाळी आलेला मासा आणि दुपारचा मासा यांतला फरक आपल्याकडे कोणत्याही मासेवालीला न सांगता कळतो. पेंढा भरायला काढलेली माशाची कातडी वाळली की तपकिरी, चर्मपत्रासारखी होते, आतलं तेल वर्षानुवर्षं झिरपत राहतं, आणि पर तडकतात. त्यामुळे पेंढा भरलेल्या ‘खऱ्या’ माशाचाही डोक्यापासून शेपटीपर्यंतचा रंग माणसानेच ब्रशने चढवलेला असतो.

हे एकदा ध्यानात आलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो. रंग माणसाचाच असेल, डोळा काचेचाच असेल, तर आतली कातडी तरी कशाला हवी? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या गळाच्या शौकिनांनी लाकूड पत्करलं. मासा कागदावर ठेवून त्याची बाह्यरेषा काढायची, घेर मोजायचा, आणि त्या मापाने लाकडात अर्धा मासा कोरून फळीवर बसवायचा. भिंतीकडची बाजू कुणाला दिसत नाही, म्हणून अर्धाच. फळीवर नदीचं नाव, तारीख, वजन. हे मासे सुंदर आहेत. पण त्यांच्या भोवती फळी आहे, पाणी नाही.

पाण्याकडे नेणारी वाट दुसरीकडून आली. उत्तर अमेरिकेतल्या पंचमहासरोवरांच्या प्रदेशात हिवाळ्यात तळी गोठतात. ओजिब्वे आणि तिथले इतर मूळ रहिवासी बर्फाला भोक पाडून भाल्याने मासे मारत आले आहेत. त्यासाठी लाकडाचा लहान मासा दोरीने भोकातून खाली सोडायचा. त्याच्या पोटात खोबण करून वितळलेलं शिसं ओतलेलं असतं, त्यामुळे तो बुडतो पण तळाला जाऊन पडत नाही. शेपूट किंचित वाकडी ठेवलेली असते. दोरी हलवली की तो गोल गोल पोहतो. त्याला पाहून मोठा मासा जवळ येतो, भक्ष्य म्हणून किंवा आपल्या हद्दीत कोण आलं ते बघायला, आणि वर भाला घेऊन बसलेला माणूस नेम धरतो. इंग्रजीत याला डिकॉय म्हणतात. आपण त्याला फसवा मासा म्हणू.

हा मासा दिसायला हुबेहूब असण्याची गरज नव्हती, पाण्यात हुबेहूब वागण्याची होती. विस्कॉन्सिनमधल्या विनेबेगो तळ्यावर स्टर्जन माशाची भाल्याची शिकार आजही कडक नियमांखाली चालते. फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवारी हंगाम सुरू होतो आणि जास्तीत जास्त सोळा दिवस चालतो. ठरलेली संख्या गाठली की त्याआधीच बंद होतो. ४८ चौरस फुटांपर्यंतचं भोक आणि त्यावर अंधारी खोपटी. खोपटीला खिडकी नसते, म्हणून बर्फातून झिरपलेल्या उजेडाने खालचं पाणी हिरवट उजळलेलं दिसतं. तासन् तास त्या उजेडात बघत बसलेल्या माणसाला मासा कसा वळतो, कुठल्या क्षणी पर उघडतो, प्रवाहात कसा नुसता टेकून राहतो, हे कळू लागतं. या कलेची शाळा तिथे आहे असं मला वाटतं.

या परंपरेतलं सर्वांत मोठं नाव ऑस्कर पीटरसन. मिशिगनमधल्या कॅडिलॅक गावचा हा माणूस १८८७ ते १९५१ या काळात जगला. त्याने आयुष्यात दहा हजारांहून जास्त फसवे मासे कोरले असावेत असा अंदाज आहे. मासेमारीच्या सामानाच्या दुकानात ते किरकोळ किमतीला मिळत. आज तेच मासे लोककला म्हणून संग्राहक जपून ठेवतात. त्याच्या माशाला खवले नाहीत, तपशील फार थोडे. रंगाचे चार ठिपके, पत्र्याचे पर. पण कण्याची ती एक वळणदार रेघ पाहिली की मासा जागेवर उभा नाही, निघालेला आहे, हे समजतं.

पीटरसनचा जन्म ग्रेलिंग या गावचा. गावाचं नाव ज्या माशावरून पडलं तो ग्रेलिंग मासा मिशिगनच्या नद्यांतून १९३० च्या दशकात नाहीसा झाला. पाइनची जंगलं तोडली गेली आणि ओंडके नदीतून वाहून नेले गेले. त्या ओंडक्यांनी तळाचे खडे खरवडले, गाळ आणला, आणि खड्यांच्या फटीत अंडी घालणाऱ्या माशाची जागाच गेली. अमर्याद मासेमारीची भर होतीच. त्याच परिसरातल्या ओ सेबल नदीच्या काठी १९५९ साली ‘ट्राउट अनलिमिटेड’ ही नद्या आणि ट्राउट मासे वाचवणारी संस्था सुरू झाली. लाकडी माशाखाली खडे कोणते ठेवायचे, हा प्रश्न सजावटीचा नाही हे इथे समजतं. त्या खड्यांवर माशाचं असणं-नसणं ठरलेलं आहे.

शिकारीचं हत्यार कलेत कसं बदललं याची गोष्ट आधी पक्ष्यांची आहे. मेरीलँडमधल्या क्रिसफील्ड गावचे लेम आणि स्टीव्ह वॉर्ड हे दोघे भाऊ व्यवसायाने न्हावी. पाण्यावर तरंगणारी लाकडी बदकं कोरता कोरता त्यांनी ती शोभेची, मग निखळ शिल्पाची केली. त्यांच्या नावाची संस्था १९६८ साली उभी राहिली आणि तिच्या स्पर्धांतून लाकडी पक्ष्यांचं कोरीवकाम फार वरच्या पातळीला गेलं. माशांचं कोरीवकाम त्याच वाटेने मागाहून आलं. आज पेंढा भरण्याच्या कलेच्या जागतिक स्पर्धेतच मासे कोरण्याची जागतिक स्पर्धाही होते. २०१९ साली ती मिसुरी राज्यात स्प्रिंगफील्डला झाली. तिथे परीक्षक हातात विजेरी घेऊन कल्ल्याच्या आत, तोंडाच्या आत, पोटाखाली बघतात.

यामागे आणखी एक बदल आहे. ली वुल्फ या गळाच्या शौकीन लेखकाने १९३९ साली लिहून ठेवलं की चांगला मासा एकदाच पकडून संपवण्याइतका स्वस्त नाही. मासा पकडून परत सोडून देण्याची रीत पुढे रुजत गेली. मग आठवण ठेवायची कशी? फीत लावून लांबी आणि घेर मोजायचा, दोन्ही बाजूंनी फोटो काढायचा आणि मासा पाण्यात सोडायचा. शौकीन मंडळींचा एक ठोकताळा आहे: घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ८००, मापं इंचांत, तर वजन पौंडात येतं. ३० इंच लांब आणि १८ इंच घेराचा मासा साधारण १२ पौंडांचा. मासा नदीत जिवंत आहे आणि त्याची मापं कारागिराच्या मेजावर आहेत, हे मला या साऱ्या कलेतलं सर्वांत समाधानाचं वाटतं. मासा मारण्यासाठी जे लाकूड कोरलं जात होतं, ते आता मासा सोडून देता यावा म्हणून कोरलं जातं.

आता मेजाकडे येऊ. माशासाठी ब्रुक ट्राउट घेऊ, कारण तो मिशिगनचा राज्यमासा आहे आणि कारागिराची पुरती परीक्षा बघतो. पाठीवर किडीने कोरल्यासारखी फिक्या रेघांची नक्षी, कुशीवर लाल ठिपके आणि त्या प्रत्येक ठिपक्याला निळी कडा, शरद ऋतूत नराचं पोट पेटलेलं केशरी, आणि खालच्या परांची पुढची कड शुभ्र, तिला लागून काळी रेघ. ही पांढरी-काळी कड चुकली की जाणकार पुढे बघतच नाहीत.

लाकूड बहुधा बासवूड असतं. युरोपातल्या लाइम वृक्षाच्या कुळातलंच हे झाड. सतराव्या शतकात लंडनमध्ये ग्रिनलिंग गिबन्सने लाइमच्या लाकडातून लेसचा गळपट्टा कोरला होता, तो आजही लोक डोळे विस्फारून बघतात. हे लाकूड मऊ, एकसारख्या पोताचं, गाठी कमी असलेलं. दुसरं लाकूड ट्युपेलो. अमेरिकेच्या दक्षिणेत, लुइझियानाच्या पाणथळीत पाण्यात उभं राहणारं हे झाड. त्याच्या बुंध्याचा फुगलेला, पाण्याखालचा भाग सर्वांत हलका असतो आणि फिरत्या यंत्राने कोरताना त्याच्यावर लव उठत नाही.

ठोकळ्यावर दोन आकृत्या काढतात: एक बाजूने दिसणारी, एक वरून दिसणारी. नवशिके बाजूची आकृती मन लावून काढतात आणि वरची सरळ ठेवतात. मग मासा कितीही रंगवला तरी तो ताटातला मासा राहतो. पोहणाऱ्या माशाच्या कण्यातून लाट जात असते. वरून पाहिलं तर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक सौम्य वळण असतं, आणि त्या वळणाच्या आतल्या बाजूला कातडी किंचित दाटते, बाहेरच्या बाजूला ताणली जाते. बँडसॉवर कापतानाच हे वळण लाकडात यावं लागतं. नंतर ते आणता येत नाही.

पर वेगळे कोरून बसवतात, आणि यामागचं कारण लाकडाच्या स्वभावात आहे. अंगाच्या लाकडाचे तंतू डोक्याकडून शेपटीकडे जातात. पाठीवरचा पर त्याच लाकडातून काढला तर त्याचे तंतू आडवे पडतात, आणि मिलिमीटरभर जाडीचा पर बोट लागताच तुटतो. म्हणून परासाठी दुसरा तुकडा घ्यायचा, त्याचे तंतू परातल्या काट्यांच्या दिशेने धावतील असा. मग तो इतका पातळ करायचा की उजेडासमोर धरल्यावर आरपार उजेड यावा, वाफेवर थोडा वाकवायचा, आणि पातळ सायनोॲक्रिलेट गोंद पाजून घट्ट करायचा. परातले काटे तापलेल्या टोकाच्या लेखणीने, लाकूड जाळत जाळत, एकेक रेघ करून काढतात. किती काटे, हे मनाने ठरवायचं नसतं. प्रत्येक जातीत ते जवळजवळ ठरलेले असतात.

खवल्यांचंही तसंच. माशाचे खवले वयाबरोबर संख्येने वाढत नाहीत, आकाराने मोठे होतात. लहानपणी असतात तितकेच म्हातारपणी. लार्जमाउथ बास माशाच्या कुशीवरच्या रेषेत साठ ते सत्तर खवले असतात, म्हणून कारागीर तो एकेक खवला गोल टोकाच्या तापल्या लेखणीने उमटवू शकतो. हजारो खवले, प्रत्येक पुढच्यावर किंचित चढलेला. ब्रुक ट्राउटचे खवले मात्र इतके बारीक की ते सुटे दाखवले तर खोटे वाटतात. तिथे नुसता पोत द्यायचा आणि हात आवरायचा. हात कुठे आवरायचा हे ज्याला कळलं त्याचं काम मला सर्वांत आवडतं.

डोळा काचेचा. ट्राउटची बाहुली पूर्ण गोल नसते, पुढच्या बाजूला किंचित टोकदार असते, कारण तो समोरून वाहत येणाऱ्या किड्याकडे बघत असतो. गोल बाहुलीचा डोळा बसवला की मासा आंधळा वाटतो.

रंगाच्या आधी चांदी. माशाची चमक ग्वानिन नावाच्या पदार्थाच्या अतिपातळ स्फटिकांमुळे असते; त्यांच्या थरांवरून उजेड परावर्तित होतो आणि कोनानुसार निळा, गुलाबी, हिरवा दिसतो. अभ्रकाच्या कणांवर टायटॅनियम ऑक्साइडचा मुलामा दिलेली भुकटी आता मिळते, तीही तशीच वागते. पांढऱ्या अस्तरावर ही चमक, तिच्यावर एअरब्रशने पारदर्शक रंगाचे थर, पाठ गडद आणि पोट फिकं. पाठ-पोटातला हा फरक वरून येणारा उजेड मारून टाकण्यासाठी असतो. त्यामुळेच खरा मासा पाण्यात सपाट आणि जवळपास अदृश्य दिसतो.

इथवर मासा झाला. आता पाणी.

हे काम दोन रीतींनी होतं. पहिली रीत पाणी ओतण्याची. इपॉक्सी रेझिनचे दोन द्रव मिसळले की रासायनिक क्रिया सुरू होते आणि उष्णता निघते. जाड थर एकदम ओतला तर ती उष्णता बाहेर पडत नाही. रेझिन पिवळं पडतं, तडकतं, कधी धुरकटतं. म्हणून पातळ थर ओतायचा, तो घट्ट होऊ द्यायचा, मग दुसरा. लाकूड सच्छिद्र असतं. त्याला आधी नीट बंद केलं नाही तर उबेने आतली हवा बाहेर पडते आणि माशाच्या अंगावर बुडबुड्यांची माळ उभी राहते. शिवाय लाकूड तरंगतं. ओतलेल्या रेझिनमध्ये मासा वर यायला बघतो, म्हणून त्याला तळाशी पितळी खिळीने बांधून ठेवावं लागतं.

प्रकाशाचं गणितही वेगळं होतं. पाण्याचा वक्रीभवनांक १.३३, म्हणून वरून पाहिल्यावर १२ सेंटिमीटर खोल झऱ्याचा तळ ९ सेंटिमीटरवर दिसतो. रेझिनचा वक्रीभवनांक दीडच्या आसपास. त्यात तोच तळ ८ सेंटिमीटरवर येतो. म्हणून रेझिनचं पाणी नेहमी थोडं उथळ वाटतं, आणि जाणता कारागीर ते हिशेबात धरून तळ आणखी खाली नेतो. बाजूने पाहताना मात्र रेझिन एक देणगी फुकट देतं. काचेच्या टाकीत बाजूने, किंचित खालून बघितलं तर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा होतो आणि त्यात माशाची पाठ उलटी दिसते. गुळगुळीत घासलेल्या रेझिनमध्येही तो आरसा आपोआप तयार होतो.

आणि पाणी निळं नसतं. मिशिगनच्या उत्तर भागातली टाक्वामेनॉन नदी देवदारासारख्या झाडांच्या दलदलीतून येते. झाडांतल्या टॅनिनने तिचं पाणी गडद चहाच्या रंगाचं असतं. ब्रुक ट्राउटला निळ्या पाण्यात ठेवणाऱ्याने नदी पाहिलेली नसते, चित्रं पाहिलेली असतात. खालच्या थरांत किंचित तपकिरी आणि हिरवी झाक, वरचे थर स्वच्छ, इतकंच पुरतं.

रेझिनचा सर्वांत विलक्षण उपयोग लाकूडकाम करणाऱ्याने केलेला नाही, जपानी चित्रकार रिउसुके फुकाहोरी यांनी केला आहे. जन्म १९७३, आयची प्रांत. सन २००० मध्ये, काम सोडून द्यावं असं वाटत असताना त्यांची नजर घरातल्या पाळीव सोनमाशावर गेली आणि तेव्हापासून ते सोनमासे रंगवत आहेत. लाकडी मापट्यात रेझिनचा पातळ थर ओतायचा, त्यावर ॲक्रिलिक रंगाने माशाच्या अंगाचा एक स्तर रंगवायचा, पुन्हा रेझिन, पुन्हा रंग. खालच्या थरात पोट आणि परांच्या सावल्या, मधल्यात अंग, वरच्यात पाठ. वरून बघणाऱ्याला मापट्यातल्या पाण्यात भरीव मासा तरंगताना दिसतो. बाजूने तो सपाट थरांचा आहे हे कळतं. त्यांचं काम वरून बघण्यासाठीच आहे, आणि हा निर्णय त्यांनी ठामपणे घेतला आहे. कोरीवकाम करणाऱ्यांनी त्यांच्याकडून हे घ्यावं: बघणारा कुठे उभा राहणार हे आधी ठरवा, मग पाणी करा.

दुसरी रीत पाणी न ओतण्याची, आणि माझं मत या रीतीकडे झुकतं. इथे मासा हवेत असतो. खाली नदीचा तळ: गोटे, एक सडलेला ओंडका, पाणवनस्पती. अनेक कारागीर गोटेही लाकडातच कोरतात, कारण खऱ्या दगडाशेजारी कोरलेला मासा उगाच हलका पडतो. पाणवनस्पतीची पानं तांब्या-पितळेच्या पातळ पत्र्याची, आणि ती सगळी एकाच दिशेला झुकलेली. ती दिशा म्हणजे प्रवाह. मासा त्या प्रवाहाच्या विरुद्ध तोंड करून, मोठ्या गोट्याच्या आडोशाला, जिथे पाणी मंदावतं तिथे. एका पानाच्या टोकाला परामागे त्याचं अंग जेमतेम टेकलेलं, आणि त्या स्पर्शातून गेलेली पितळी काडी सगळा भार पेलते. ती काडी दिसता कामा नये. गोट्यांच्या खालच्या अंगाला कॅडिस माशीच्या अळ्यांनी वाळूचे कण चिकटवून केलेली नळकांडी. गोट्यांवर आणि माशाच्या पाठीवर एअरब्रशने उमटवलेलं उजेडाचं जाळं, लाटांमधून आलेलं ऊन तळावर नाचतं तसं. पाण्याचा थेंब नाही आणि बघणाऱ्याला पाणी दिसतं, कारण प्रत्येक वस्तू पाण्यात असल्यासारखी वागते.

पाण्याबाहेर उसळलेला मासा आणि भोवती उडालेले शिंतोडे, हा प्रकार स्पर्धांत आणि दिवाणखान्यांत लोकप्रिय आहे. रेझिनचे धागे ओढून, ॲक्रिलिकचा पत्रा तापवून शिंतोडे करतात. त्यामागे कौशल्य प्रचंड आहे, तरी ते मला क्वचितच पटतात. उडालेलं पाणी क्षणभराचं असतं. ते कायमचं थांबवलं की त्याचं मेण होतं. स्थिर उभा असलेला मासा मात्र खऱ्या नदीतही तासभर तसाच उभा असतो. त्याला थांबवताना कुणाशी खोटं बोलावं लागत नाही.

आपल्याकडे याची आठवण व्हायला एक कारण आहे, महाशीर. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन या पेंढा भरणाऱ्या घराण्यातल्या एकाने १९४६ साली कबिनी नदीत १२० पौंडांचा महाशीर पकडला होता. कावेरीच्या खोऱ्यातल्या त्या कुबडाच्या महाशीराची शास्त्रीय ओळख मात्र २०१८ साली पक्की झाली, आणि तोवर तो नामशेष होण्याच्या काठावर आला होता. लोणावळ्याला टाटा पॉवरच्या वळवण इथल्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महाशीराची पैदास होते, डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांचं त्यातलं काम पायाभूत आहे. पण तिथून दुसऱ्या नद्यांत गेलेल्या दख्खनच्या निळसर परांच्या महाशीराने कावेरीतल्या मूळ जातीला मागे रेटलं, असंही पुढे अभ्यासकांच्या ध्यानात आलं. परांचा रंग, कुबडाची उंची, खवल्यांची रांग हे सगळं नेमकं नोंदवून ठेवलेलं असतं तर अशा जाती वेळीच वेगळ्या ओळखता आल्या असत्या. इमानाने कोरलेला मासा अशी नोंद ठेवू शकतो, दोन्ही बाजूंनी आणि वरूनही.

लागणारे हात आपल्याकडे आहेत. सावंतवाडीचे चितारी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडातून आंबा, सीताफळ, केळी अशी फळं घडवतात. सीताफळाच्या प्रत्येक डोळ्यावर किती पांढुरकी झाक द्यायची हे त्यांना माहीत आहे. ज्याला सीताफळाचा डोळा जमतो त्याला माशाचा खवला जमेल. शिवणीचं लाकूड वाळल्यावर फारसं वाकत नाही, कोरायला मऊ असतं. आणि महाशीर बघायला लांब जावं लागत नाही. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड आहे. तिथे वरदायिनी देवीच्या नावाने मासे मारायला बंदी आहे आणि मोठे महाशीर माणसाला न भिता वर येतात. तिथले खडक, पाण्याचा हिरवा रंग, माशांच्या परांवर पडणारं ऊन, कोरणाऱ्याला हवं ते सगळं तिथे आहे.

म्हणून वाचकांना एक विनंती. सावंतवाडीला गेलात तर फळांची परडी जरूर घ्या, पण एखाद्या कारागिराला महाशीरही मागा, भोवतीच्या खडकांसकट. किंमत ठरवण्याआधी त्याला वाळणला घेऊन जा, मासे पाहू द्या, आणि त्या पाहण्याच्या दिवसाचीही मजुरी द्या.